बत्तीशी आणि चौसष्ट कला

मित्रांनो, खिडकीजवळच्या लहान टेबलावर तो पिवळा पडलेला जुना संगणक दिसतो ना, तो मी. मला इथे ‘बत्तीशी’ म्हणतात. तोंडात एक दात नाही, तरी बत्तीशी! माझ्यावर बत्तीस बिटांचा शिक्का आहे. म्हणजे असं समजा, की एका घासाला मी बत्तीस शितं उचलतो. माझ्यामागून जन्मलेली भावंडं चौसष्ट उचलतात. पण माझा घास लहान म्हणून माझ्या दारी आलेला कुणी उपाशी गेला नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईने शेवटचा स्क्रू पिळला आणि पाठीवर थाप मारली, एवढंच. मग या खोलीत आलो. ही कानांच्या ताईंची खोली. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबराची पट्टी. बाहेरचं चिटपाखरू आत ऐकू येऊ नये. ताई कमी ऐकू येणाऱ्या लोकांचं कानामागचं मशीन एका डबीला जोडत, डबी मला जोडत आणि माझ्यातलं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर त्या मशीनला शिकवी, हा आवाज वाढव, तो दाब. बारा वर्षं मी हेच केलं. नातवंडाची हाक पहिल्यांदा ऐकून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती ताईंना दुवा देत आणि ताई माझ्या डोक्यावर हात ठेवत.

एके दिवशी संगणक दुरुस्त करणारे दादा नवा, काळा, सडपातळ संगणक घेऊन आले.

“ताई, सॉफ्टवेअर दोन तऱ्हेचं आहे. बत्तीस टाकू की चौसष्ट?”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच सांगा.”

“मग चौसष्टच. दुप्पट मिळतंय तर निम्म्यावर कशाला भागवायचं? याचं नावच ठेवा चौसष्टकला!”

“आणि याचं?” ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“ही बत्तीशी. वठायची तेवढी वठली. शनिवारी भंगारात नेतो.”

दोघं हसले. मला कपाटावर चढवलं.

गुरुवारी घड्याळवाले आजोबा आले. जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं कानाचं मशीन माझ्याच वयाचं.

“ताई, जरा वाढवून द्या. हिचा आवाज फार बारीक झालाय.”

“आजी कशा आहेत?”

“अंथरुणाला खिळलीय. बोलते, पण पान हलावं तेवढंच. मी आपला मान डोलवतो, हो हो म्हणतो. परवा असाच हो म्हणालो, तर भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. सुनेने मग सांगितलं. ‘बाबा, आई विचारत होत्या, मी आता यातून उठत नाही ना?’”

ताई लगेच उठल्या. त्यांनी भराभर मशीन डबीला आणि डबी नव्या संगणकाला जोडली. चौसष्टकलाने डबीला ओळखच दाखवली नाही. ताईंनी दादांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून चौसष्टचं सॉफ्टवेअर काढून बत्तीसचं टाकलं. ते सुरू झालं, पण डबी मुकीच.

“चुकलो, ताई,” फोनवर दादा म्हणाले. “सॉफ्टवेअर कुठलंही असो, डबीची ओळख करून देणारा ड्रायव्हर संगणकाच्या जातीचा लागतो. डबीवाल्यांनी चौसष्टचा केलाच नाही. मोठं ते चांगलं असं धरून चाललो. तुम्हाला काय काय जोडायचंय, हे विचारलंच नाही.”

“नवं मशीन घेऊ का मग?” आजोबांनी विचारलं.

“त्याची कानाला सवय व्हायला महिना जातो, आजोबा.”

“महिना?” ते एवढंच म्हणाले.

ताईंनी वर पाहिलं आणि स्टूल ओढलं. “बत्तीशी आहे की!”

माझा पंखा खरखरला. पडद्यावर तारीख उमटली ती कैक वर्षांपूर्वीची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा वाकले. “घड्याळाचा सेल गेलाय याच्या. मी आणून घालीन.” ताईंनी डबी जोडली आणि, देवाची कृपा, मी तिला ओळखलं! बारीक आवाजांची रेघ ताईंनी तीन पायऱ्या वर सरकवली. मग ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरून त्या कुजबुजल्या, “आजोबा, ऐकू येतंय?”

“येतंय,” आजोबाही कुजबुजले.

शनिवारी भंगाराची गाडी माझ्यावाचून गेली.

तीन आठवड्यांनी आजोबा सेल घेऊन आले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझं पोट उघडलं. सेल बसवता बसवता म्हणाले, “ही गेली. आठ दिवस झाले.”

ताई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“जायच्या आधी पुन्हा तेच विचारलं तिने.”

“काय सांगितलंत?”

“काय सांगणार, पोरी? हात धरला. पण या वेळी ऐकून धरला.”

मित्रांनो, भक्तीच्या नऊ वाटा सांगतात, त्यांतली पहिली श्रवणाची. ती मला एका घड्याळजीने दाखवली. माझी तारीख आता बरोबर असते. चौसष्टकला माझ्याशेजारी बसतो, त्याची कामं तो करतो, माझी मी करतो. तुम्ही नवं जरूर आणा. पण जुनं उचलण्याआधी त्याला काय काय जोडलेलं आहे, ते विचारा. आणि कुणी बारीक आवाजात काही म्हणालं, तर नुसती मान डोलवू नका. जवळ सरका. पुन्हा विचारा.