सगळ्यांचं नाव पेरू

दीक्षानं लाकडी घोड्याचं नाव पेरू ठेवलं तेव्हा मी हसले. निर्मल गावच्या प्रसिद्ध खेळण्यांतला घोडा, हिरवागार रंगवलेला, म्हटलं सुचलं असेल. मग कापडी बाहुलीही पेरू झाली. प्लास्टिकचं बदकही. शेवटी तिला मांडीवर घेऊन विचारलं, आणि तुझं नाव काय गं? तर तीही पेरू.

आता हसू आलं नाही. कारण तिच्या एलकेजीच्या मॅडमनी नुकतंच मला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं होतं, नाव विचारलं की पोरगी विचारलेला शब्दच परत म्हणते, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. बी.एस्सी. झालेली मी, मोबाईलवर नको नको ते वाचत बसले. दीक्षाचे बाबा बेज्जूरच्या शाळेत मास्तर, रविवारीच घरी येतात. फोनवर त्यांना सांगायला जीभ उचलेना.

मग मीच तिची परीक्षा घेऊ लागले. ताटात खरा पेरू ठेवून विचारलं, हे काय? म्हणाली, जांब. इथे आदिलाबादला सासरी पेरूला जांबच म्हणतात, ते ठीक. पण मग माझा लातूरचा पेरू तिनं घोड्याला कसा काय चिकटवला?

मुधोळला लेकीकडे गेलेल्या सासूबाई परत आल्या, तेव्हा मी डोळे पुसत त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी पोटभर हसल्या.

"काऊन रडून राह्यली वो? पेरु म्हंजे नाव, तेलगूत. मॅडम बाहुली दाखवून 'पेरु?' म्हणत असन, हिले वाटलं बाहुलीचंच नाव पेरु. तो खायचा पेरू तं या घरात एकटी तूच म्हणते."

'नी पेरेंटि' म्हणजे तुझं नाव काय, एवढं मलाही येत होतं. पण ते मी एका दमात पाठ केलेलं. त्याच्या पोटात पेरु आहे हे कधी कळलंच नाही. संध्याकाळभर दीक्षाला घोकवलं, पेरु म्हणजे नाव, पेरु म्हणजे नाव. ती शहाण्यासारखी मान हलवत होती.

सकाळी शाळेच्या फाटकाशी मॅडम वाकून म्हणाल्या, "नी पेरु?"

दीक्षानं माझ्याकडे बघितलं आणि ठणठणीत सांगितलं, "नाव."

"सही बोली, मॅडम," मी घाईनं म्हणाले. पण सही कसं, ते सांगताना माझी हिंदी, तेलगू आणि मराठी एकमेकींत अशा गुंतल्या की मीच थांबले.

"फिर तो आप दोनों को डॉक्टर को दिखाना पड़ेगा," मॅडम म्हणाल्या. थट्टा होती की काय, कळेना.

दीक्षानं माझी ओढणी ओढली. "बरोबर सांगितलं ना, आई?"

"बरोबर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात वर्गातून कुणीतरी पोर ओरडलं, "दीक्षा!" आणि ही माझा हात सोडून 'आले, आले' करत आत पळाली.

"देखिए, नाम तो मालूम है," मी म्हणाले, आणि मॅडम हसत तिच्यामागे आत गेल्या.