पातळाआड

"गुडघे," मी म्हणाले.

"कधीपासून, आजी?" बुलढाण्याच्या दवाखान्यातली डॉक्टर श्रद्धा माझ्या नातीच्या वयाची. मान खाली घालून लिहीत होती. बाहेर तीस-चाळीस माणसं ताटकळत होती.

"दीड महिना झाला."

दीड महिना खरा होता, गुडघे खोटे. चारचौघांत हात नेता येत नाही अशा जागी खाज, लघवीला आग, अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं. देऊळघाटच्या उपकेंद्रात नर्स म्हणून चौतीस वर्षं मी हेच बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. गुडघ्याच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि मुकाट्याने एसटीत बसले.

तेव्हाच्या बायकाही असंच करायच्या. डोकं दुखतं, कंबर धरते, सगळं बसून सांगायच्या. मग निघताना दाराची चौकट धरून म्हणायच्या, "अजून एक हाय, बाई." मी त्या 'अजून एक'चीच वाट बघत असे. ते आलं की उठून दार लावायचं आणि टेबल सोडून तिच्या शेजारी जाऊन बसायचं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. बनाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची सून. वर्षात तिसऱ्यांदा तोच त्रास घेऊन आली. औषध दिलं, पण मनात शंका आली म्हणून तिच्या घरी गेले. दोरीवर ओलं पातळ, आणि त्याखाली, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून, तिचे आतले कपडे. ऊन कधी लागायचं नाही. पावसाळ्यात तसेच दमट अंगावर चढायचे. मी पातळ बाजूला सारलं, तशी तिची सासू सुभद्राबाई कडाडली, "काय व नर्सबाई, आता वेशीवर झेंडे लावता का आमच्या सुनेचे?"

"लावा ना, फक्त उन्हात लावा!"

गल्ली महिनाभर हसली. बना मात्र बरी झाली.

आणि आता मी काय करत होते? दिवसातून दोनदा गरम पाण्यात जंतुनाशक औषध टाकून आतपर्यंत साबणाने धूत होते. जितकी आग होई तितकं स्वच्छ झालं असं वाटे. मधुमेहाच्या गोळ्या चार दिवस घ्यायच्या, आठ दिवस विसरायच्या. हे गेल्यापासून, गोळी घेतली का, असं विचारणारं घरात कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी बनाबाई भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आली. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर ती दोरीपाशी उभी, माझ्या पातळाचं टोक हातात धरून.

"नर्सबाई, हे काय व?"

"काही नाही. जागा नव्हती."

"एवढं आंगण, अन् जागा नाई? कोनापासून लपवून राह्यल्या? चिमण्यापासून?"

मी ओट्यावर टेकले. "बनाबाई, अजून एक आहे."

तिने भाकरीचं फडकं खाली ठेवलं. घरात आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं, तरी जाऊन तिने अंगणाचं दार लावलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

सगळं ऐकून म्हणाली, "शुगर कवा तपासली?"

"दिवाळीच्या आधी."

"अन् साबन आतून? आतलं आपलं आपून साफ होते, वरून साधं पानी पुरते, हे कोन सांगे मले? गाढवे म्हनलं होतं तुमी!"

"ती शिवी नव्हती."

"मग मीबी म्हनू का आता?"

खूप दिवसांनी हसले. हसताना डोळे का भरले, ते तिने विचारलं नाही. "उद्या जाऊ. तुमी नाई बोलल्या तर मी बोलतो."

मीच बोलले. बसल्या बसल्या. श्रद्धाने पेन खाली ठेवलं, तपासलं, रक्त घ्यायला लावलं. साखर तीनशेच्या आसपास. "ती वाढली की ही बुरशी पुन्हा पुन्हा होते, आजी. झोपताना आत ठेवायच्या गोळ्या देते. साबण, औषधाचं पाणी बंद. सुती, कोरडं वापरा. आठवड्यात उतार पडला नाही तर लगेच या. या वयात दुसरं कारणही असू शकतं. पण परवा का नाही सांगितलंत?"

"परवा उठताना सांगणार होते," मी म्हणाले.

आठवड्यात खाज गेली. बनाबाई लेकीच्या बाळंतपणाला मलकापूरला गेली, दोन महिन्यांसाठी. जाताना मधुमेहाच्या गोळ्यांची डबी भिंतीतल्या देवळीतून काढून चुलीशेजारी, डोळ्यांसमोर ठेवून गेली.

रविवारी पुण्याहून धम्मरत्नचा, माझ्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी अंगणात होते.

"काय करतेस, आई?"

"कपडे वाळत घालते."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"अजून काही?"

मी एका हाताने पातळ दोरीवर टाकलं. फोनमधून गाड्यांचे आवाज येत होते, त्याला कुणी हाक मारत होतं.

"नाही. काही नाही."

फोन ठेवून पातळ दोरीच्या कडेला सरकवलं आणि बाकीचे कपडे मधोमध, भर उन्हात घातले. गल्लीतून कुणी गेलं नाही. दुपारपर्यंत सगळं खडखडीत वाळलं होतं. तरी उन्हं कलेपर्यंत मी ते काढले नाहीत.