दुसऱ्या अंकानंतरचा आवाज

“तलवार खाली ठेव, वीरसेना. या गढीत आता भांडायला कोणी उरलं नाही.”

वाक्य आधी जमिनीखालून यायचं. दबकं, सपाट, ना रागाचं ना मायेचं. मग तेच वाक्य वर उजेडात उभा असलेला माणूस छाती फुगवून बोलायचा. लहानपणी दिव्याला वाटे, जगातली सगळीच माणसं अशी बोलतात. आधी भुईच्या पोटातून कोणी सांगतं, तेव्हा माणसाच्या तोंडी शब्द येतो.

खालचा आवाज तिच्या बापाचा, खुशालचा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तो प्रॉम्प्टर होता. मंचासमोर खणलेल्या खड्ड्यात बसायचा. मांडीवर नाटकाची वही, डोक्यावर पत्रा. आईही सोबत फिरायची, रात्री खड्ड्यात त्याला चहा नेऊन द्यायची. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, नटांना पाठांतराला सवड कुठली! सगळं नाटक त्या खड्ड्यावर उभं असायचं.

आणि एका रात्री त्या खड्ड्यातच तो गेला.

आता दोन हजार चार साल सरत आलं होतं. धान पिकून वारा पिवळा झाला होता. दिव्या चंद्रपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि या घडीला वडशात, डोमाकाकाच्या नाटक-बुकिंगच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर बसली होती. पांढऱ्या पडद्यावर काळी रेघ लुकलुकत होती. दिसायची, नाहीशी व्हायची, परत दिसायची. जणू कोणी खालून काही सांगेल म्हणून थांबली होती.

“काय लिवून राह्यली वं?” डोमाकाकाने पानाची पिंक टाकून विचारलं. एकेकाळी तो मंचावर दिसला की बाया बोटं मोडत, असा नावाजलेला खलनायक.

“बायोडाटा, काका. सोमवारी नागपूरले पुण्याची कंपनी येऊन राह्यली. आज ई-मेल करा लागते. यंदाची शेवटची कंपनी आहे.”

“वाच बरं.”

दिव्याने वाचलं. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. टीम लीडर. छंद: वाचन, पोहणे.

“पोहणे?” डोमाकाका खो-खो हसला. “वैनगंगेत घोट्याच्या वर पानी आलं का बोंबलत होती तू!”

“सारेच लिवते. अमर म्हणून सिनियर होता, त्याचा आहे हा. वर्गात साऱ्याईनं हाच घेतला. नाव तेवढं बदलवलं.”

“म्हंजे सारे मिळून एकच नाटक करून राह्यले. पाहनारा झोपंल नाई तं काय करंल?”

दिव्याला हसू आलं नाही. मागच्या मुलाखतीत लायब्ररीवरच्या दुसऱ्याच प्रश्नाला ती मुकी झाली होती. वाक्य परक्याचं, त्याच्या पुढचं तिला कुठून येणार? कॉलेजातले सर म्हणाले होते, “बायोडाट्यात जे लिहाल त्याच्यामागे तुम्ही उभं राहिलं पाहिजे. नाहीतर कोरा ठेवा.” ही कंपनीही हातची गेली तर गावी परतणं होतं. आई रोजीला जाते त्याच धानाच्या बांधीत उतरणं होतं.

डोमाकाकाने पडद्यावर बोट टेकलं. “अन् आमच्या तारखाईचं? हे तूच बनवलं ना? एक कलाकार एकाच राती दोन गावाले बुक झाला का लाल पट्टा येते. मांगच्या साली हिरोईन दोनीकडं लिवली होती, लोकाईनं खुर्च्या तोडल्या. औंदा एकडाव नाई झालं. ते काऊन नाई लिवलं?”

“नाटकाचं काय लिवायचं, काका? हासतीन.”

डोमाकाकाचा चेहरा उतरला. “तुहा बाप दुसऱ्या अंकात मेला, न नाटक पाचव्या अंकात संपलं. त्याच्यावर कोनी नाई हासलं, पोरी.”

ही हकिकत सगळ्या झाडीपट्टीला ठाऊक होती. पहाटे पडदा पडला, माणसं खड्ड्याकडे गेली, तर खुशाल भिंतीला टेकून बसलेला, अंग लाकडासारखं ताठ. डॉक्टर म्हणाला, हा मध्यरात्रीच गेला. आणि नट एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटचे तीन अंक प्रत्येकाला खालून वाक्य येत होतं. एक शब्द चुकला नव्हता. तेव्हापासून डोमाकाकाची कंपनी हंगामाच्या पहिल्या खेळाआधी खड्ड्याच्या काठावर खुशालच्या नावाने नारळ फोडते.

दिव्याने लायब्ररी पुसली. पोहणं पुसलं. टीम लीडर पुसलं. मग लिहायला लागली: अडचण काय होती, तिने काय तयार केलं, त्याने काय थांबलं. लिहिताना मानेवर काटा आला. शब्द बोटांच्या किंचित आधी कुठूनसा येत होता.

तिने मेल पाठवला आणि दुपारच्या एसटीने गावी आली.

घरी लाइट गेलेली. दारं लोटलेल्या घरात दुपारचाही संधिप्रकाश झाला होता. कुडाच्या पलीकडे, चुलीजवळ आई तांदूळ निवडत बसली होती. गोकुळा दिवसाकाठी दहा वाक्यं बोलली तर खूप, अशी बाई. दिव्या अलीकडे भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहून बायोडाटा मोठ्याने म्हणायला लागली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

“अन् माह्या नावासमोर काय लिवलं?” पलीकडून गोकुळाने विचारलं.

“हाऊसवाईफ.”

“म्हंजे?”

“घरी राहते ते. काम नाई करत.”

सुपाची सळसळ थांबली. मग परत सुरू झाली.

दिव्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. अडचणीच्या वाक्यापाशी आली. “वन आर्टिस्ट कॅनॉट बी...” आणि जीभ जागीच राहिली. पुढचं सगळं पुसून गेलं. आरशात तिचंच तोंड उघडं दिसत होतं.

“...इन टू व्हिलेजेस, ऑन द सेम नाईट.”

भुईजवळून आलं. दबकं, सपाट, ना रागाचं ना मायेचं.

तो आवाज तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता. बाहेर कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती. मोठ्या कष्टाने तिने पुढचं वाक्य धरलं, आणि अर्ध्यावर मुद्दाम सोडलं.

उरलेलं वाक्य कुडापलीकडून आलं. एक शब्द चुकला नव्हता.

ती कुडाच्या फटीशी गेली. चुलीपाशी आई पाठमोरी उकिडवी बसली होती. डोकं खाली, हात तांदळात. दुसरं कोणी नव्हतं.

“माय?” दिव्याचा आवाज फाटला. “तुले तं इंग्रजी येत नाई.”

“मले काय समजते त्यातलं.” आता गोकुळाचा नेहमीचा आवाज. “आयकलं का राह्यते डोक्यात. तू अडली, म्हून निंगून गेलं तोंडातून.”

दिव्या आत जाऊन तिच्यासमोर बसली. मग म्हणाली, “त्या राती बाबाले चहा नेऊन द्याले तू गेलती ना?”

गोकुळाने सूप खाली ठेवलं.

“हात लावला तं थंडगार. वरतं वीरसेन खाली पाहून राह्यला, त्याले पुढचं येत नोहोतं. मले वही कुठी वाचता येते? पन महिनाभर आयकत होती ना रोज. सांगितलं. मंग त्याच्या पुढचं. मंग त्याच्या पुढचं.”

“पाचव्या अंकावरी? बाबाच्या बाजूले बसून?”

“हो. पडदा पडला तशी निंगून गेली.”

“कोनालेच नाई सांगितलं?”

“काय सांगू? नवरा बाजूले मरून पडला, न बायको हासायचे संवाद सांगत होती, असं मनले असते. लोक नारळ फोडून राह्यले. फोडू दे.”

“पन वरडली काऊन नाई, माय? एका वरडण्यानं सारे धावले असते.”

गोकुळाने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, तसं सरळ.

“मेले ते, हे समजलं होतं मले,” ती म्हणाली. “पन सारे माह्या तोंडाकडं कान लावून होते, दिव्या. थांबावं असं मले वाटलंच नाई.”