लेट म्हणजे येणार

गोजरा गेली हे मला आठव्या दिवशी कळलं. शनिवार होता. रामधन मास्तरांच्या ओसरीवर मी वांग्यांची पाटी उतरवली आणि मुंडाशात खोचलेलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

"मास्तर, यातला दवाखान्याचा पत्ता तेवढा मराठीत लिहून द्या. उद्या मीच जाऊन पाहातो. बायको लेट आहे असं लिहिलं हाय, पन येवढी लेट कशी?"

रामधन मास्तर कारंज्याच्या इंग्रजी शाळेत शिकवत. त्यांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "चंपत, बस खाली."

मी उभाच राहिलो. अजून चार घरी वांगी द्यायची होती.

"हे तुला कोणी वाचून दाखवलं?"

"पंजाबरावनं. गोजराबाई लेट, बेस्तरवार, असं हाय म्हने. म्हंजे लेट झाली, बेस्तरवारच्या गाडीनं येईन."

मास्तरांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "माणसाच्या नावाआधी लेट लिहिलं, की ते माणूस वारलं असं समजायचं. आपण कैलासवासी लिहितो ना, तसं." मग त्यांनी कार्ड मराठीत सांगितलं. गोजरा आदल्या शनिवारी वारली. मिशनच्या दवाखान्यातल्या हिंदू नोकरांनी तिला अग्नी दिला. अस्थी गुरुवारपर्यंत ठेवल्या आहेत, नवऱ्यानं येऊन न्याव्या.

तो गुरुवार, म्हणजे पंजाबरावचा बेस्तरवार, होऊन दोन दिवस झाले होते.

पंजाबराव माझा लहानपणचा सोबती. घराला घर लागून. तो कारंजा स्टेशनावर काटेवाला होता, म्हणजे रुळांचे काटे फिरवायचा, झेंडी दाखवायचा. निळा कोट घालायचा. इंग्रजी अक्षरं त्याला लावता यायची आणि स्टेशनावरचे पन्नास-साठ शब्द यायचे. तेवढ्यावर आमच्या आळीतले सगळे त्याच्याकडून कागद वाचून घेत. मी मराठी चौथी शिकलेला, पण इंग्रजी कागदापुढं मीही त्याच्याच दारात बसायचो. दवाखान्यातला कारकून मद्रासकडचा, त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून कार्ड इंग्रजीत आलं.

लेट हा शब्द आम्हाला त्यानंच शिकवला. मूर्तिजापूरची आमची छोटी गाडी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही, त्यामुळं हा शब्द सगळ्यांना लागे. शेळी व्याली नाही, शेळी लेट. जावई आला नाही, जावई लेट. मी मळ्यातून उशिरा जेवायला आलो की गोजरा भाकर वाढता वाढता म्हणायची, "आज लय लेट झाले बाप्पा तुमी."

तिच्या पोटात गाठ होती. मिशनची नर्सबाई गावात आली होती, तिनं तपासलं आणि बरोबर घेऊन जाते म्हणाली. बायकांच्या खोलीत पुरुषाला राहू देत नाहीत, आणि मळ्यात मोट धरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणून मी स्टेशनापर्यंतच गेलो. त्या दिवशी गाडी दोन तास आली नाही. गोजरा गाठोड्यावर बसली होती. पंजाबराव समोरून गेला तेव्हा तिनं विचारलं, "भाऊजी, लेट लेट करता, पन लेट म्हंजे येते का नाही येत?"

"वैनी, येत नाही त्याले क्यान्सल म्हंतेत. लेट म्हंजे येनार. पन आत्ता नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली.

कार्ड सोमवारी आलं. पंजाबनं ते उन्हात धरलं, ओठ हलवले आणि हसून म्हणाला, "काही नाही बे, लेट हाय. बेस्तरवार लिहिलं हाय." मधले शब्द त्यानं बोटानं ओलांडले. मी विचारलं, "अन हे काय?" तो म्हणाला, "ते सरकारी रहाते."

मी गुरुवारी घर सारवलं. बैलगाडीत कडबा टाकून त्यावर गोधडी अंथरली, तिला हिसके बसू नयेत म्हणून. गाडी आली. ती नव्हती. शुक्रवारी पुन्हा गेलो. पंजाब म्हणाला, "येईन उद्या."

मास्तरांच्या ओसरीवर हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, पण मी विचारलं दुसरंच. "मास्तर, एकच शब्द हाय तर त्याचे दोन मतलब कसे?"

त्यांनी आतून जाड पुस्तक आणलं. मला वाटतं, रडणाऱ्या माणसाजवळ बसणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी ते उघडलं. त्यांनी एकेक वाचलं. लेट म्हणजे वेळ टळून आलेला. लेट म्हणजे दिवस कलल्यानंतरचा. लेट म्हणजे अलीकडचा, काल-परवाचा. लेट म्हणजे आत्ता आत्तापर्यंत होता आणि आता नाही, तो. लास्ट म्हणजे शेवटचा, हा शब्दही यातूनच निघाला.

"अन मुळात?"

"मुळात मंद, ढिला. लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे, तिच्यात याचा भाऊबंद शब्द आहे. त्याचा अर्थ थकलेला."

"थकली होतीच ते," मी म्हणालो. पाटी तिथंच ठेवून निघालो.

तोपर्यंत मला पंजाबचा राग नव्हता. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्यानं सांगितलं. मलाही तेवढंच येत होतं. सराफ्याजवळ पोहोचलो तेव्हा मला पिठलं आठवलं.

मंगळवारी दिवस मावळायच्या आत पंजाबची बायको हौसाबाई ताट घेऊन माझ्याकडं आली होती. पिठलं आणि भाकर. मी थट्टा केली होती, "काहून वैनी, वांग्याच्या मळेवाल्याले पिठलं?" ती हसली नाही. "खाऊन घ्या भाऊजी," म्हणाली आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत दाराला धरून उभी राहिली. ताटही मला धुऊ दिलं नाही.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिलं जेवण शेजारी आणून देतात, पिठलं-भाकर. आमच्यात त्याला कडू घास म्हणतात. मी गोजराचा कडू घास खाल्ला होता आणि वर थट्टा केली होती. हौसाबाईला मंगळवारी माहीत होतं. म्हणजे पंजाबला माहीत होतं.

मी स्टेशनावर गेलो. तो सिग्नलच्या कंदिलाची काच पुसत होता.

"पंजाब, लेट म्हंजे काय?"

हात थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

काय सांगितलं, असं त्यानं विचारलंच नाही.

"मी तुले इचारून राह्यलो."

"सोमवारी मले खरंच नोतं मालूम, चंपत. आईची आन."

"अन मंगळवारी?"

तो काच पुसायला लागला. स्वच्छ काच. "मंगळवारी ठेसन मास्तरले सहज म्हटलं, मानसाच्या नावाम्होरं लेट कायले लावतेत? त्यानं सांगतलं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कसं सांगू? तू घर सारवाले शेन गोया करून राह्यला होता. अन सारी आळी मायाजवळून कागद वाचून घेते. लोक म्हनतीन, यानं मेलेल्या बाईले गाडीत बसवलं. वाटलं, दवाखान्यातून दुसरं कार्ड येईन, मंग आपोआप कयन."

"अस्थी बेस्तरवारलोक ठेवल्या होत्या, पंजाब."

त्यानं मान वर केली. ते त्याला माहीत नव्हतं. ते शब्द त्यानं बोटानं ओलांडले होते. पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. बुधवारी मी याच फलाटावर होतो. मूर्तिजापूरला पाठवायचे वांग्यांचे तीन टोपले मी आणले होते. पंजाबनंच ते उचलून डब्यात ठेवले, मला तंबाखू दिली आणि हिरवी झेंडी दाखवली. गाडी माझ्यासमोरून गेली. मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली असती तर मी बुधवारी रात्रीच दवाखान्यात असतो. माझी वांगी गेली. मी गेलो नाही.

"तूनं माये टोपले चढवले," मी म्हटलं. "मले चढवाले काय झालतं तुले?"

"माह्या तोंडात शेन घाल, पन असा नको पाहू. मी येतो तुयासंगं दवाखान्यात."

"तू नको येऊ."

रविवारी एकटाच गेलो. दवाखान्यात रुखमाबाई म्हणून दाई होती. तिनं गोजराचं लुगडं घडी करून ठेवलं होतं, ते दिलं. म्हणाली, "गुरुवारी दिवा लागेपर्यंत वाट पाहिली. शुक्रवारी अस्थी सोडल्या."

"कुठं?"

"गडी घेऊन गेला पाण्याकडं. तो आता त्याच्या गावाला गेला आहे."

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "शेवटी शेवटी बाई दाराकडंच पाहायची. आम्ही म्हटलं, नवऱ्याला कळवू का? तर म्हणाली, कायले, येईन तो. गाडी लेट असन."

सोमवारी तिचा दहावा केला. पंजाब आला होता, लांब उभा राहिला. मी त्याला जवळ बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. आळीत मी कोणाला काही सांगितलेलं नाही. लोक अजून त्याच्याकडून कागद वाचून घेतात. हौसाबाई दारावरून जाते तेव्हा डोक्यावरचा पदर पुढं ओढते.

आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अस्थी अडाण नदीत सोडल्या आहेत. माझ्या आईच्या गोजरानं आणि मी मिळून सोडल्या. गोजराच्या सोडायच्या राहिल्या.