मोसमपलीकडे पोचणारा नगारा

मी नगारा बोलतोय, नामपूरच्या मशिदीतला. दचकू नका, आज टिपऱ्यांशिवाय बोलतोय.

माझं तांब्याचं पोट नाशिकच्या तांबटाने ठोकून घडवलं. तोंडावर कातडं चढवलं ते इथल्या खंडेरावने. रमजानात दिवस बुडाला की मशिदीची देखभाल करणारे महेबूबभाई मला वाजवत आणि गावाचे रोजे सुटत. हौशी माणसाला वाटतं, भराभर बडवलं की आवाज लांब जातो. छे! घाईचे ठोके वाटेतच एकमेकांत मिसळतात आणि पलीकडे पोचतो तो नुसता गलका. महेबूबभाई एक ठोका देत, तो विरू देत, मग दुसरा. म्हणून मोसम नदीपलीकडच्या मळ्यांतही मी सुटा सुटा ऐकू जायचो. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

अडतीस सालचा रमजान दिवाळीला लागूनच आला. एक दिवस अवकाळी आभाळ भरून आलं. नदीपलीकडच्या मळ्यात एकटी राहणारी म्हातारी जैतुनबी तापाने फणफणली होती, तरी रोजा धरलेलाच. जन्मभर तिच्या जोडीने कांदे लावलेली कुसाबाई दुपारी तिला बघून आली आणि मशिदीच्या दारात उभी राहिली.

"महेबूबभाऊ, म्हातारीले लय ताप शे. पन नगारा ऐकल्याबिगर पानी पिनार नाय म्हनते."

"दिन बुडाल्याबिगर कसा वाजवू, बाई? पन येळ नाय होऊ देनार," महेबूबभाई म्हणाले.

ओल्या हवेत माझं कातडं ढिलं पडतं, म्हणून संध्याकाळी मला शेगडीवर शेकत ठेवलं. तेवढ्यात अंगणात वाद पेटला. ढगांमुळे सूर्य दिसेना. एक म्हणे बुडाला, दुसरा म्हणे अजून आहे, तिसऱ्याने कोंबड्या खुराड्यात गेल्याचा पुरावा काढला. उपाशी पोटी माणसांना वाद घालायला भारी जोर येतो! महेबूबभाई न्यायनिवाड्यात गुंतले आणि मी शेगडीवर तसाच राहिलो. अखेर एकमत झालं, टिपरी पडली आणि माझं करपलेलं कातडं टर्रकन फाटलं.

बांग झाली, पण वारा नदीकडून गावाकडे होता. बांग गावातच राहिली. पलीकडे ती तापलेली म्हातारी कोरड्या घशाने माझी वाट बघत असणार. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. नदीला पाणी होतं. महेबूबभाई तोंडात खजूरही न टाकता वरच्या अंगाला नदी पायी ओलांडता येते त्या उताराकडून वळसा घालून निघाले, पण पोचायला वेळ लागणार होता.

कुसाबाई मात्र थेट काठावर गेली. संध्याकाळच्या गार, संथ पाण्यावरून आवाज सरकत जातो. तिने वारा जरा पडू दिला, हातांचा द्रोण तोंडाशी धरला आणि या वावरातून त्या वावरात घालतात तशी उंच, लांबलचक हाक घातली, "जैतुनबी वंऽऽऽ! दिन बुडना मायऽऽऽ! पानी पीऽऽऽ!"

तिने पुन्हा हाक घातली. मग पलीकडून बारीक, थरथरता आवाज आला, "ऐकू उनं वंऽऽऽ, कुसाऽऽऽ!" ऐकू आलं होतं तिला!

महेबूबभाई पोचले तेव्हा जैतुनबीचा तांब्या रिकामा झाला होता.

खंडेरावने मला नवं कातडं चढवलं. तेव्हापासून महेबूबभाई शेवटच्या ठोक्यानंतर माझ्यावर तळहात ठेवून माझी गुणगुण थांबवत आणि पलीकडे कान देत. तिकडून जैतुनबी ओ द्यायची. इतकी वर्षं मी बोलत होतो, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं.

जैतुनबी यंदा उन्हाळ्यात गेली. हे महेबूबभाईंना ठाऊक आहे, त्यांनीच तिला खांदा दिला. तरी परवा पहिल्या रोज्याला त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि उचलेचनात. समोर खजूर तसाच पडलेला. मलाही फार भरून आलं.

तेवढ्यात नदीच्या अलीकडूनच, मशिदीच्या भिंतीमागून कुसाबाईचा आवाज आला, "ऐकू उनं, महेबूबभाऊ. खाई ले आते."

तुमच्यापर्यंत कुणाचा आवाज पोचला तर ओ द्या, बाबांनो. हाक घालणारा तिथे थांबलेला असतो.