जीपगाडीचा विटाळ

त्या दिवशी सदलग्याचा आठवडी बाजार होता, पण बाजारात गिऱ्हाईक औषधालाही नव्हतं. भाजीवाल्या एकमेकींनाच भाव सांगत बसल्या होत्या. सारं गाव लक्ष्मीबाई पाटलीणबाईंच्या गोठ्यापुढं लोटलं होतं, कारण तिथं एका जीपगाडीला रक्त येत होतं.

थट्टा नव्हे. नुकत्याच निपाणीहून आलेल्या गाडीच्या पोटाखालून, बरोबर मधोमध, लाल थेंब टपकत होते. खाली केळीचं पान पसरलं होतं. देवऋषी भावकू ते पान दोन्ही हातांनी उचलायचा, गर्दीच्या तोंडापुढून फिरवायचा आणि घोगऱ्या आवाजात ओरडायचा, "बघा रं, बघा! लोखंडाला रगात फुटलंय! लढाईत मेलेला गोरा सायब हाय ह्यो. त्येला मराठी कळत न्हाय, कानडी कळत न्हाय. म्या त्येच्यासंगं इंग्रजीत बोललोय!"

भावकूला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, 'यस' आणि 'सायब'. त्यातला दुसरा इंग्रजी नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बायका हात जोडून उभ्या होत्या. बाजूला शेणीच्या विस्तवात एक लोखंडी सळई तापत होती. ती ब्राह्मीसाठी होती.

ब्राह्मी ही लक्ष्मीबाईंची सून, विशीतली पोर. गोठ्याच्या कुडाला टेकून ती बसली होती. उजव्या हाताला मी बांधलेली पट्टी होती. तो तळहात भावकूनं आधीच डागला होता. आज डावा डागायचा आणि मग तिला कायमची माहेरी, बोरगावला घालवायची, असं ठरलं होतं. ठरवलं भावकूनं, री ओढली सासूनं, आणि नवऱ्यानं, म्हणजे कलगोंडानं, खाली मान घालून होकार दिला.

मी गावातला डॉक्टर. लढाईत तीन वर्षं ब्रह्मदेशात होतो आणि अशाच जीपगाड्यांतून जखमी वाहून आणले होते. रक्त मला ओळखता येतं. पहिल्याच दिवशी मी बोटाला थेंब लावून वास घेतला आणि सांगितलं, "पाटलीणबाई, हे गिअरचं तेल आहे."

"त्याल लाल असतंय व्हय, डाक्टर?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. गर्दी हसली. अडाण्यांच्या गर्दीत शहाण्यानं एकट्यानं बोलू नये, लोक त्यालाच वेडा ठरवतात. तरी मी बोललो, आणि वेडा ठरलो.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. लढाई संपली तशा लष्करानं जुन्या गाड्या मोडीत काढल्या. कलगोंडाचा तंबाखूचा व्यापार. त्यानं बेळगावहून ही जीप आणली. लक्ष्मीबाईंच्या जिवाला घोर लागला. मांसमच्छी खाणाऱ्यांची गाडी, आत कोण मेलं असेल कुणास ठाऊक! साबण लावून धुतली असती तर काम भागलं असतं. पण साबणाला मंत्र येत नाही, म्हणून काकती गावाहून भावकूला बोलावलं.

भावकूनं गाडीभोवती फेऱ्या मारल्या, दोनदा घुमला आणि निदान केलं, "मानसाला नऊ दारं, तशी गाडीलाबी नऊ. भूत दारातनंच येतंय-जातंय. दारं बांधली की खेळ खलास!"

मग मेणात कुंकू कालवून गोळे केले आणि गाडीला दिसेल तिथं भोक बुजवायला सुरुवात झाली. भोंग्याच्या तोंडात मेण कोंबलं. त्या दिवसापासून तो भोंगा पडसं झालेल्या रेड्यासारखा वाजायला लागला. धुराच्या नळीतही कोंबणार होता, पण कलगोंडा ओरडला, "आरं भावकूआण्णा, ती बुजीवलीस तर गाडी चालू हुयाची न्हाय!"

"बरं, त्या दाराला सूट," भावकू म्हणाला. भुताला ही सवलत का, हे कुणी विचारलं नाही. मग तो रांगत गाडीखाली शिरला. तिथं मधोमध एक लोखंडी पेटी असते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून द्यायचं काम तिचं. तिच्या डोक्यावर एक बारीक भोक असतं. भावकूनं त्यात मेणाचा गोळा अंगठ्यानं दाबून बसवला, पेटीला सगळीकडून कुंकवाचा लेप दिला आणि ऐटीत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी कलगोंडा निपाणीला जाऊन आला, आणि गाडीखाली लाल थेंब पडले.

आता घरचा रिवाज ऐका. बाईला पाळी आली की तिनं चार दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात बसायचं. गावात सगळीकडे हेच. आणि कलगोंडाची गाडीही त्याच गोठ्यात उभी, कारण पाऊस-उन्हाला दुसरं छप्पर नव्हतं. नेमकी ब्राह्मी त्या दिवशी बाहेर बसलेली. भावकूला आयतंच सावज सापडलं. आपली बांधणी फसली असं कोणता देवऋषी म्हणतो?

"सुनंनं चाकाला हात लावला! माझी बांधणी इटाळली! म्हनून गोरा रगात वकतोय! जिथं इटाळ, तिथं डाग!"

ज्या जैन घरात पाणी गाळून पितात, वाटेतली मुंगी चुकवून पाय टाकतात, त्या घरानं सुनेचा हात धरला आणि तापलेली सळई तिच्या तळहातावर टेकवली. तिची किंकाळी माझ्या दवाखान्यापर्यंत आली. मी धावत गेलो तोवर मांस पांढरं पडलं होतं. लक्ष्मीबाई पदरानं वारा घालत होत्या. आधी भाजायचं आणि मग फुंकर मारायची, याला त्या माया म्हणत असाव्यात.

आणि गंमत अशी की रक्त थांबलं! थेंब नाही की ठिपका नाही. भावकूची कीर्ती पार चिकोडीपर्यंत गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा थेंब पडायला लागले तेव्हा गाव हवालदिल झालं, आणि भावकूनं दुसऱ्या हाताचा हुकूम सोडला.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी पट्टी बदलायला गेलो. ब्राह्मीला डागल्यापासून घरात घेतलं नव्हतं, ती गोठ्यातच होती. पट्टी सोडताना ती हळूच म्हणाली, "डाक्टरअण्णा, एक सांगू?"

"सांग की."

"मला डागलं म्हनून थांबलं न्हवतं ते. पेट्रोलच्या रेशनच्या चिठ्ठ्या संपल्याल्या, गाडी हाललीच न्हाय. चिठ्ठ्या आल्या, हे निपानीला जाऊन आले, आन् परत गळाय लागलं. गाडी तापून आली की गळती, गार झाली की ऱ्हाती."

इतकी माणसं त्या गाडीला नमस्कार करून गेली, पण सगळी उभ्यानं. जमिनीवर बसलेली ती एकटीच, म्हणून गाडीचं पोट फक्त तिनंच पाहिलं होतं.

"आन् त्या पेटीच्या वर मेन बसीवलंय," ती म्हणाली. "भाताला उकळी आल्यावर झाकन दाबून धरलं, तर पेज कडंनं बाहीर येनारच की, न्हवं?"

मी कपाळावर हात मारला. ते भोक म्हणजे पेटीचं नाकच! पेटी तापते, आतली हवा फुगते, त्या भोकातून निघून जाते. ते बुजलं की हवा कोंडते आणि कडेच्या चामड्याच्या कड्यांमधून तेलाला बाहेर रेटते. ब्रह्मदेशात तिथं चिखल बसला की आमचे ड्रायव्हर तारेनं कोरून काढायचे. मी मात्र चामडं झिजलंय एवढंच धरून बसलो होतो. आणि तेल कुंकवाच्या लेपावरून ओघळलं तर लाल होणार नाही तर काय निळं होणार?

म्हणून बाजाराच्या दिवशी मी गर्दीत घुसलो आणि म्हणालो, "भावकूबुवा, ब्राह्मीच्या स्पर्शानं रक्त येतं ना? मग तिला गाडीत बसवू आणि गाडी चिकोडीच्या रस्त्यानं पळवून आणू. धो धो रक्त यायला पाहिजे."

"येनार! बादली भरंल!" भावकू जोशात बोलून गेला. गर्दीला बादलीभर रक्त बघायचंच होतं.

मी गाडीखाली गेलो, पेटी पुसून कोरडी केली आणि ब्राह्मीच्या केसातल्या आकड्यानं मेण उकरून काढलं. ब्राह्मी पुढं बसली. कलगोंडानं गाडी काढली. परत आली तेव्हा इंजिन भट्टीसारखं तापलं होतं. मी खाली कोरं केळीचं पान पसरलं. लोक वाकून वाकून थकले. पान कोरंच राहिलं.

"सायब भ्यालाय," भावकू म्हणाला. "गर्दी बघून दडलाय."

"असं? मग आता तुम्ही बसा." मी मेणाचा तोच गोळा सगळ्यांदेखत परत भोकात दाबला, वर कुंकू फासलं. ब्राह्मीला लांब कुडाशी बसवलं. भावकू नको नको म्हणत होता, पण चार जणांनी त्याला उचलून गाडीत घातलं. गाडी त्याच रस्त्यानं गेली आणि आली. पानावर टप्प, टप्प, लाल थेंब.

"आता विटाळ कुणाचा, बुवा?" मी विचारलं.

मी जिंकलो असं मला वाटलं. मेण, कोंडलेली हवा, कुंकू, सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "भावकूलाच इटाळ झालाय रं! त्येलाच डागा!"

आणि गाव तुटून पडलं. मघाशी त्याच्या पायावर डोकी ठेवणाऱ्यांनीच त्याला मातीत लोळवलं. एकानं त्याच्या छातीवर गुडघा ठेवला, एकानं त्याचा तळहात उलगडला. भावकू रडत होता, "म्या ढोंगी हाय! मला काय बी येत न्हाय! सोडा, आण्णा, पाया पडतो!" त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. माझंही ऐकलं नाही. त्यांना गाडीचं काही पडलं नव्हतं. सळई तापली होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ब्राह्मी उठली. डाव्या हाताला पदर गुंडाळून तिनं सळई विस्तवातून ओढली आणि बैलांच्या पाण्याच्या डोणीत बुडवली. चर्र झालं, वाफ उठली. लोक थांबले.

"झालं," ती म्हणाली. "जावा आता. बाजार उठंल."

लोक एकेक करून पांगले. भावकू धोतर सावरत काकतीच्या वाटेला लागला. लक्ष्मीबाई पुढं आल्या. "चल गं, झालं गेलं. न्हाऊन घे आन् आत ये. मानूसच चुकतंय."

ब्राह्मीनं पट्टी सोडली आणि तळहात सासूपुढं धरला. "मेन काढलं, गाडी बरी झाली. ह्येच्यातनं काय काढू, आत्ती?"

लक्ष्मीबाईंनी तोंड फिरवलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "मला बोरगावला घालवायचं ठरल्यालंच हाय न्हवं? काढा गाडी."

"आगं, आता कशाला? आता काय न्हाय राहिलं," कलगोंडा पुटपुटला.

"तुमी मान डोलीवलीसा, ती मला दिसली. तेवढं ऱ्हायलंय."

कलगोंडानं गाडी काढली. मेण मी परत उपसून टाकलं होतं. बोरगावपर्यंत रस्त्यावर थेंब पडला नाही, असं तोच नंतर मला सांगत होता, आणि सांगताना रडत होता. ब्राह्मी परत आली नाही. मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तेल गळतं ते कारणानं गळतं, आणि कारण शोधायला देवऋषी लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. गाडी कधी गळते, कधी थांबते, एवढं डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. पण आपल्याकडे सळई आधी तापते आणि प्रश्न नंतर सुचतो, कधी सुचतच नाही. तुमच्या गावात उद्या दगड रडेल, विहीर बोलेल, गाडी रक्त ओकेल, आणि कुणीतरी एका बाईकडे बोट दाखवील. तेव्हा विस्तव पेटवण्याआधी एकदा गुडघे टेकून गाडीखाली बघा.