टीव्हीवरचा अर्धा पडदा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण वाचायचा नव्हे, खेळायचा. मला डोळ्यांवर बांधलं, की माणूस खोलीत असूनही मैदानात उभा राहतो. माझ्या पोटात दोन भिंगं आहेत आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं चित्र. दोन्ही चित्रांत जरासा फरक असतो. त्या फरकामुळेच जवळचं जवळ आणि लांबचं लांब दिसतं.

घानातल्या केप कोस्टमध्ये, मासळीबाजारामागे, एबो क्वान्साच्या खेळघरात माझी उमेदीची वर्षं गेली. गोलकीपर होऊन चेंडू अडवायचा, हा माझा खेळ. आमच्याकडे एकटं कुणी खेळत नाही. एकाने खेळायचं आणि वीस जणांनी टीव्हीवर बघत त्याला शहाणपण शिकवायचं. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि तळलेले मासे खाता खाता ते माझी तारीफ करायचे आणि मी फुलून जायचो.

संगणकातून माझ्याकडे येई तेच टीव्हीवरही जाई, त्यामुळे तिथे मात्र माझी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी दिसत. दोन-दोन चेंडू बघून डोकं दुखतं, अशी बघणाऱ्यांची कुरकुर असे. एबो मनाचा मऊ. त्याने संगणकात खटपट करून टीव्हीवर एकच चित्र आणलं. सगळे खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चित्रातली खोली गेली. चेंडू भिंतीवर रंगवल्यासारखा सपाट दिसे आणि कुठवर आलाय ते कळत नसे. दहातले आठ अडवणारे पटाईत हवेत हात मारू लागले.

"गोलकीपर आहेस की नवरीचा बाप? येईल त्याला आत या, आत या म्हणतोयस," मागून टोमणा यायचा.

एबोने भिंगं पुसली, मागेपुढे सरकवून पाहिली, वायर बदलली, खेळ नव्याने भरला. सगळं मुसळ केरात. शेवटी मला मोडीत काढायला त्याने सुटे भाग विकणाऱ्याला बोलावणं धाडलं. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

शेजारच्या अराबा मावशी शिवणकाम करायच्या. मी मोडीत जाण्याआधी एकदा मला डोळ्यांवर लावून बघावं, म्हणून त्या आल्या. त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. मग मला काढून त्या एबोकडे वळल्या.

"एबो, नाकासमोर बोट धर आणि एकेक डोळा मिटून बघ. बोट सरकतं ना?"

"सरकतं, मावशी."

"यात चेंडू सरकतच नाही. दोन्ही डोळ्यांना तू एकच चित्र देतोयस. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेले तर मीसुद्धा हवेतच टोचते."

एबोचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच केलं हे. बघणाऱ्यांसाठी."

त्याने पहिल्यासारखं केलं आणि माझी खोली परत आली. टीव्हीवर पुन्हा दोन चित्रं आली, तेव्हा कुरकुर सुरू व्हायच्या आत मावशींनी उरलेल्या काळ्या कापडाचा पडदा शिवून टीव्हीच्या अर्ध्या भागावर टांगला. बघणाऱ्यांना एक, खेळणाऱ्याला दोन. सुटे भागवाला आला तो रिकाम्या हाताने परतला. तेही सात गोल खाऊन.

आता माझा पट्टा सैल झालाय. नवा चष्मा आलाय आणि मी खिळ्यावर असतो. फारसं कुणी विचारत नाही. एबो मात्र त्या काळ्या कापडाच्या चिंधीने माझी भिंगं पुसतो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वस्तू बिघडली, तर तिला नावं ठेवण्याआधी आपणच कालपरवा तिच्यात काय बदललं, ते आठवून बघा. आम्हाला सांगता येत नाही. मावशींनी दाखवलं आणि एबोला आठवलं, म्हणून मी आज अख्खा आहे.